शेऱ्याचा रकाना

आमच्या पोलीस ठाण्याच्या मिटिंगच्या खोलीत भिंतीवर एक फोटो आहे. नऊ माणसं एकमेकांचे हात धरून, हात वर करून उभी आहेत. आत्ताच निवडणूक जिंकल्यासारखी. डावीकडून तिसरी मी. माझं तोंड कडू झालंय, कारण गणेश मंडळाच्या अध्यक्षांचा बूट माझ्या पायावर होता आणि फोटोग्राफर म्हणत होता, 'मॅडम, हसा.' खाली लिहिलंय, शांतता समिती.

या समितीत मी कशी गेले ते सांगते. सरकारी ऑफिसातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. एक दिवस दारात हवालदार. मला धडकीच भरली. मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीत हवालदार दारात आला की बाया आधी मुलांना आत ओढायच्या, ती सवय अंगातून गेलेली नाही. पण हा हवालदार हसत होता. त्याच्या हातात छापील तक्ता होता आणि त्यात दोन रकाने रिकामे होते. एक 'महिला', दुसरा 'बौद्ध'.

"मॅडम, तुमी दोन्हीकडे चालता," तो म्हणाला.

राग यायला हवा होता. आला नाही. उलट मी हरखले. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांसाठी कागद तयार केले, आणि पहिल्यांदाच कोणी माझी सही घ्यायला घरी आलं होतं. त्याला मी पोहे करून घातले. आज त्या पोह्यांचाही राग येतो.

हा हवालदार म्हणजे ठाण्यातला गोपनीयवाला. हद्दीत कोण काय बोलतंय, कोण कोणाकडे उठबस करतंय, याची माहिती त्याने गुपचूप गोळा करायची असते. तो गोपनीयवाला आहे हे मात्र भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

मिटिंगा ठरलेल्या. गणपतीच्या आधी, ईदच्या आधी, जयंतीच्या आधी आणि निवडणुकीच्या आधी. थंड समोसा, गोड चहा, रजिस्टरवर सही. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, भाषण तेच राहायचं. शेवटी माझ्याकडे बघून प्रत्येक जण म्हणायचा, "मॅडमचा तर धर्मच शांतीचा." धर्म शांतीचा असेल, साहेब, पण मी नाही. माझ्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीवरून मी सेक्रेटरीशी किती वेळा भांडले ते खाली वॉचमनला विचारा.

आता ठाण्याला आमच्यासारख्यांची गरज का पडायची तेही सांगायला हवं. आमच्या नोडात, म्हणजे उपनगराच्या आमच्या भागात, एक वळण आहे. एका बाजूला इमारतीच्या तळमजल्यावर छोटी मशीद, समोर मंडळाचा मांडव, मध्ये एक ट्रक जेमतेम वळेल एवढा रस्ता. विसर्जनाचा तलाव त्या वळणाच्या पलीकडे. फार वर्षांपूर्वी तिथे मिरवणुकीत दगड आला. कुठून आला ते आजपर्यंत कोणाला कळलं नाही. एकाचं डोकं फुटलं आणि तीन दिवस दुकानं बंद राहिली. तेव्हापासून ते वळण ठाण्याच्या कागदावर 'संवेदनशील' झालं. एरवी तिथे संध्याकाळी दाबेलीची गाडी लागते आणि दोन्हीकडचे लोक ओळीने उभे राहून खातात. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

त्या वर्षी विसर्जन आणि पैगंबर जयंतीचा जुलूस लागोपाठच्या दिवशी आले. साहेबांची झोप उडाली. एकाच आठवड्यात तीन मिटिंगा झाल्या. टीव्हीवर दूरदेशी कुठेतरी युद्ध थांबवायची बोलणी दाखवतात ना, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, चेहरे पाडून बसलेली माणसं, अगदी तसंच. फक्त आमचा तह पावलांवर अडला होता. ढोल मशिदीच्या दारासमोर थांबवायचे की दहा पावलं आधी? मशिदीचे सदर, म्हणजे तिकडचे अध्यक्ष, म्हणत दहा पावलं आधी. मंडळाचे अध्यक्ष म्हणत, थांबवायचेच कशाला, रस्ता कोणाच्या बापाचा नाही. साहेब रुमालाने मान पुसत होते, कारण खोलीतला एसी नेमका बंद पडला होता.

एसी दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक शिडीवर होता. तो माझ्या ओळखीचा. कोकणातला मुसलमान, वय चाळिशीचं, आमच्या मागच्या बैठ्या घरांत राहणारा. माझा फ्रिज तोच बघायचा आणि मला ताई म्हणायचा. त्याला बोलायचं काहीच कारण नव्हतं. पण अर्धा तास पावलांचा हिशेब ऐकून तोही वैतागला असावा. शिडीवरूनच म्हणाला, "साहेब, ढोल बंद करा असं सांगूच नका ना. वळणावर ट्रक असाबी अडतो. तिथंच आमी सरबताचं टेबल लावतो. ग्लास हातात असल्यावर ढोल कोन वाजवनार?"

अध्यक्ष आधी हसले, मग सदरही हसले. कोणालाच कोणासाठी थांबावं लागणार नव्हतं. तहान लागली म्हणून थांबायचं होतं. एवढी साधी गोष्ट आम्हा नऊ मान्यवरांना सुचली नव्हती.

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाले, "आता दोन्हीकडची, सगळीकडची, जबाबदार माणसं द्या. दहा-बारा नावं आणि मोबाईल नंबर. वळणावर स्वयंसेवक म्हणून उभी राहतील."

समितीत माझ्याशिवाय एकच बाई होती, मार्केटात मासळी विकणारी, दिवाळे गावचं माहेर असलेली कोळीण. तिने समोसा खाली ठेवला. "नावं-बिवं मी नाय देनार. कोनाचं नाव लिवून दिलं का ते आपल्या हातान ऱ्हात नाय. मी सोता उबी ऱ्हाईन वळनाव."

सगळे हसले. मीही हसले. अडाणी आहे बिचारी, असं मनात म्हणाले. आणि म्हणाले, "साहेब, यादी मी करते."

यादी करणं हे माझं आयुष्य होतं हो. साहेबांनी नाव आणि मोबाईल एवढंच मागितलं होतं. पण अपुरी माहिती दिली की कागद त्रुटी लावून परत येतो, हे चौतीस वर्षांत हाडांत मुरलेलं. मी पट्टी घेऊन रकाने आखले. अनुक्रमांक. संपूर्ण नाव. वडिलांचं नाव. वय. पत्ता. व्यवसाय. मोबाईल. आणि शेवटी, कोणी मागितलेला नसताना, शेऱ्याचा रकाना. रिकामा शेरा मला बघवत नाही. मी एकेका माणसाबद्दल चांगलं चांगलं लिहिलं. 'मनमिळाऊ.' 'आवाज खडा, गर्दी आवरू शकतो.' आणि शिडीवरून बोललेल्या त्या मेकॅनिकपुढे, मनापासून, लिहिलं : 'याच्या एका हाकेवर परिसरातील पन्नास तरुण जमा होतात.'

पण त्याआधी त्याला तयार करावं लागलं होतं. तो सहज तयार झाला नाही. माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजची मागची जाळी ब्रशने साफ करत म्हणाला, "ताई, सरबत मी वाटतो, ग्लास धुतो, रात्री टेबलबी उचलून नेतो. फक्त नाव नका लिहू. आमची नावं ठाण्याच्या कागदावर नसलेली बरी."

मी त्याला झापलंच. म्हणाले, "अरे, ही काय आरोपींची यादी आहे का? सन्मानाची आहे. तुम्ही लोकच असे मागे मागे राहता आणि मग म्हणता आम्हाला कोणी विचारत नाही. आणि हे बघ, पहिल्या नंबरला कोण आहे? माझा मुलगा. मी माझ्या पोटच्या पोराचं नाव लिहिलंय. काही भीती असती तर लिहिलं असतं का?"

त्याने ब्रश थांबवला. "भाऊ पन हाय त्यात? मग ठीक हाय. मग लिवा."

ही तीन वाक्यं मला पाठ आहेत. त्याला माझ्या भाषणाने पटलं नव्हतं, माझ्या मुलाच्या नावाने पटलं होतं.

मिरवणूक छान पार पडली. इतकी छान की त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच तर हवं होतं. सरबताच्या पिंपात गुलाल पडला आणि पुढच्यांना गुलाबी सरबत मिळालं, एवढीच काय ती दुर्घटना. माझा मुलगा आणि तो एकाच दोरीची दोन टोकं धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी जुलूस गेला तेव्हा मंडळाची पोरं पाणी वाटायला आली. कोळीण सांगितल्याप्रमाणे दोन्ही दिवस स्वतः उभी राहिली, पदर खोचून, तिला बघूनच गर्दी बाजूला व्हायची. मग तो फोटो निघाला. फोटोत मेकॅनिक नाही. तो समितीचा सदस्य नव्हता ना.

पुढच्या वर्षी त्याची पाठ गेली. अठरा वर्षं कॉम्प्रेसर खांद्यावर घेऊन जिने चढल्यावर दुसरं काय होणार. मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरने सांगितलं, शिडी बंद, वजन बंद. एसीवाल्याला शिडी बंद म्हणजे काय उरलं? तो महिनाभर पट्टा बांधून घरी बसला. त्याची मुलगी तेव्हा बारावीला होती.

आणि नेमकं तेव्हाच नव्या विमानतळावर माणसं घेतायत असं कळलं. तिथल्या थंड हवेच्या यंत्रांची देखभाल बघणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीने त्याची मुलाखत घेतली. पॅनेलसमोर खुर्चीवर बसून आकडे बघायचे, बिघाड सांगायचा, उचलाउचल दुसऱ्यांनी करायची. अनुभवी माणूस म्हणून त्याला लगेच निवडलं. पेढे घेऊन तो पहिल्यांदा माझ्याकडे आला. त्याला मी एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. विमानतळ जवळ पडावा म्हणून खांदेश्वरला भाड्याने घरही बघून ठेवलं होतं त्याने. "ताई, खुर्ची हाय खुर्ची," तो सारखं म्हणत होता. आता फक्त आत जायचा पास यायचा होता. पासासाठी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी लागते, पण त्याच्यावर कधी साधी तक्रारही नव्हती. मी म्हणाले, त्याचं काय टेन्शन, ठाण्यात आपली ओळख आहे.

दरम्यान ठाण्यात साहेब बदलले होते. सण आणि निवडणूक जवळ जवळ येत होती. नव्या साहेबांनी विचारलं असणार, हद्दीत गर्दी जमवू शकणारी माणसं कोण? कोणीतरी फाईल काढली असणार. आणि फाईलमध्ये पट्टीने आखलेली, एकही त्रुटी नसलेली यादी होती.

एका दुपारी माझा मुलगा घरूनच काम करत होता. शिपाई आला, सही घेऊन कागद देऊन गेला. मुलाने वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. प्रतिबंधक नोटीस. आपणांकडून शांतता भंग होण्याची शक्यता असून, वगैरे. हजर राहून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र द्या. आपले हातून काही घडल्यास ही नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. आणि मध्ये एक ओळ : 'आपला आवाज खडा असून आपण गर्दी आवरू शकता असे आमचे निदर्शनास आले आहे.'

माझं वाक्य. मी लिहिलेलं. नुसतं 'शकतो'च्या जागी 'आपण शकता' घातलेलं.

मुलगा तेव्हा दुसऱ्या कंपनीत जायच्या तयारीत होता, तिथेही पडताळणी होणार होती. तो माझ्याकडे असा बघत होता की मी उठले, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि गोपनीयवाल्या हवालदाराला फोन लावला.

"मॅडम, तुमचा मुलगा हाय तो? आयला, सॉरी हां. आडनावाचं लक्षातच नाय आलं. नाव काढतो मी. ती नोटीस फाडून टाका, हजर राहायची गरज नाय."

दोन मिनिटं लागली असतील. मी म्हणाले, "थँक्यू हो." त्याने विचारलं, "अजून काय मॅडम?" मी म्हणाले, "नाही, काही नाही."

'अजून काय' असं त्याने विचारलं होतं. मला माहीत होतं की यादीत अकरा नावं आहेत. मला माहीत होतं की अकराही नोटिसा निघाल्या असणार. मला हेही माहीत होतं की अकरातल्या एकाचा पास अजून यायचाय. मी विसरले नव्हते. मला भीती वाटली की एक नाव मागितलं तर ती मेहेरबानी, दोन मागितली तर ती शिफारस, आणि मग तो म्हणेल थांबा, साहेबांना विचारतो. आणि विचारण्यात माझा मुलगाही पुन्हा यादीत जाईल. हे सगळं त्या अर्ध्या सेकंदात माझ्या डोक्यात स्वच्छ आखलेल्या रकान्यांसारखं आलं. एका फोनमध्ये दोन नावं मावली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. कमरेला पट्टा, हातात तोच कागद, चारदा घडी घातलेला. आत आला नाही. म्हणाला, "ताई, ह्याचं काय करायचं?"

मी कागद उघडला. 'आपल्या एका हाकेवर परिसरातील पन्नास तरुण जमा होतात असे आमचे निदर्शनास आले असून.' माझे कान तापले. मी चष्मा पुसला. आणि म्हणाले, "हे रूटीन असतं रे. सणासुदीला देतात सगळ्यांना. जाऊन सही करून ये. बाकी मी बघते."

त्याने कागद माझ्या हातून परत घेतला. मग म्हणाला, "सही करू?"

"कर. मी अर्ज देते साहेबांना."

आणि वर, कोणी विचारलं नसताना, म्हणाले, "माझ्याही मुलाला आलीय. तो पुण्याला गेलाय कामासाठी, त्याला पुढची तारीख मिळालीय."

माझा मुलगा आत लॅपटॉपवर ऑफिसच्या मिटिंगमध्ये बोलत होता. त्याचा आवाज बाहेर येत होता, आवाज खडा आहे ना त्याचा. मेकॅनिकने ऐकलं, "बरं ताई," म्हणाला आणि कठड्याला धरून जिना उतरला.

बंधपत्राच्या दिवशी अकरातले सहा हजर होते असं नंतर कळलं. मंडळाच्या पोरांची नावं त्यांच्या नगरसेवकाने काढून घेतली. आमच्या विहाराजवळच्या एकाची त्याच्या साडूने, कारण साडू पोलिसात. उरले ते ज्यांच्यासाठी फोन करणारं कोणी नव्हतं. म्हणजे कागदावर सगळ्या धर्मांना समान नोटीस गेली होती. भेदभाव झाला असं कोणी म्हणू शकणार नाही. भेदभाव आम्ही केला, एकेका फोनने.

मी अर्ज दिला. तीन पानी, सुवाच्य अक्षरात, विषय आणि संदर्भासहित. मिरवणुकीत याच माणसाने शांतता कशी राखली, सरबताची कल्पना याचीच कशी, सगळं लिहिलं. आवक क्रमांक घेतला, पोच घेतली. ज्या कामाला दोन मिनिटांचा फोन पुरला होता, ते मी शिस्तीत, योग्य मार्गाने करत होते. नवे साहेब सौजन्याने बोलले. म्हणाले, "मॅडम, तुमच्याच समितीची यादी आहे ही. तुमच्याच शब्दांवर आम्ही विश्वास ठेवला." मी पोचेचा कागद पर्समध्ये ठेवला आणि उठले.

विमानतळाकडून पडताळणीचा कागद आला तेव्हा ठाण्याने खरं तेच लिहिलं. गुन्हा दाखल नाही. प्रतिबंधक कारवाई झालेली आहे. पास आला नाही. कंपनी काही दिवस थांबली, मग तिने यादीतला पुढचा माणूस घेतला. खुर्ची गेली. खांदेश्वरचं घर मात्र घेऊन झालं होतं, जुनं सोडून झालं होतं. आता तो विमानतळाच्या जवळ राहतो आणि तिथून पट्टा बांधून, हत्यारांची पिशवी घेऊन, आमच्या नोडातल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे येतो. शिडीवर चढतो. डॉक्टरने नाही म्हटलंय, तरी चढतो.

त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी शिव्यांनाही पुरून उरणारी बाई आहे, भांडण मला झेपतं.

यंदा पुन्हा मिटिंग झाली. तेच समोसे. साहेबांनी यादी मागितली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नावं देणार नाही. मी स्वतः उभी राहीन." कोळणीने माझ्याकडे बघितलं. हसली नाही. नुसतं म्हणाली, "आता कललं गो बाय तुला." साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या वयाला उभं राहणं जमणार नाही," आणि यादीचं काम दुसऱ्या एका निवृत्त मास्तरांना दिलं. त्यांचंही अक्षर चांगलं आहे. मी तरीही रजिस्टरवर सही केली आणि फोटोला उभी राहिले. राजीनामा दिला नाही. का दिला नाही म्हणून स्वतःला विचारते, आणि उत्तर येतं की उद्या पुन्हा मुलासाठी फोन करावा लागला तर. असली मी.

परवा फ्रिज बंद पडला. दुसऱ्या कोणालाही बोलावता आलं असतं, पण मी त्यालाच फोन केला. तो खांदेश्वरहून आला. जमिनीवर बसताना त्याने आधी एक हात टेकला, मग गुडघा, मग दुसरा हात. मी बघत होते. त्याने मागची जाळी काढली आणि तोच जुना ब्रश काढला.

मला राहवलं नाही. म्हणाले, "मी तुला खोटं सांगितलं होतं. माझा मुलगा पुण्याला गेला नव्हता. मी फोन करून त्याचं नाव काढून घेतलं होतं. फक्त त्याचं."

तो ब्रश फिरवत राहिला. "माहीत हाय ताई."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी भाऊ खाली टपरीवर भेटला. मी त्याला माझी नोटीस दाखवली. तो बोलला, टेन्शन नका घेऊ, आईने ठाण्यात फोन केलाय, ते बोलले नोटीस फाडून टाका. तुमचंबी सांगितलं असेलच तिने."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो ओट्यावर ठेवला.

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी..."

"तेच इचारायला आलो होतो," तो म्हणाला. "फाडू का म्हणून."